वॉर्डाचा नकाशा बदलतोय? हरकतीपासून ठरावापर्यंत नागरिकाने काय करायचं

मैदानासाठी राखलेल्या जागेवर, म्हणजे आरक्षणावर, दुकानं उठली, नऊ मीटरच्या गल्लीत बारा मजले चढले, सोसायटीच्या फाटकासमोर रोज कुणाची तरी गाडी उभी असते. या तक्रारी बहुतेक वेळा जेसीबी आल्यावर सुरू होतात. तोवर हरकत घेण्याची मुदत संपून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची जाहीर नोटीस रद्दीत गेलेली असते आणि सभागृहातला ठराव कार्यवृत्तात बांधला गेलेला असतो. मग मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, फोटो छापून येतो, आणि बांधकाम सुरूच राहतं.

महापालिकेत नागरिकाच्या म्हणण्याला वजन येतं ते तीन गोष्टी एकत्र आल्या तरच: म्हणणं मुदतीत हवं, लेखी हवं आणि सर्व्हे नंबरासकट हवं. या तिन्ही गोष्टी कशा जमवायच्या, हे इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत, काही मुंबईची. पण कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हाच असल्याने नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच काय, नगरपरिषदेच्या गावातही हाच रस्ता चालतो. बोलताना सगळे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आधी ओळखा: विषय कोणत्या कलमाखाली आलाय

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. लोक नगरसेवकाकडे जातात, तो वॉर्ड ऑफिसला फोन करतो, तिथून बांधकाम विभागाकडे बोट दाखवलं जातं. निर्णय घेणारा कोण, हेच कुणाला ठाऊक नसतं. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: हे नेमकं कोणत्या कलमाखाली चाललंय?

संपूर्ण शहराचा किंवा नव्याने आलेल्या गावांचा विकास आराखडा तयार होत असेल तर तो एमआरटीपीच्या कलम २६ खाली प्रारूप, म्हणजे मसुदा, म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं हद्दीत आली. अशा गावांतल्या रहिवाशांसाठी हा टप्पा सर्वांत मोलाचा, कारण कोरा कागद पुन्हा समोर येत नाही. कलम ३८ प्रमाणे आराखड्याची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा व्हायची असते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही उशीर होतो. पुण्याच्या जुन्या हद्दीत १९८७ च्या आराखड्यानंतरचा आराखडा मंजूर झाला तो थेट जानेवारी २०१७ मध्ये.

मंजूर आराखड्यात एखाद्याच जागेपुरता बदल होत असेल, म्हणजे शाळेचं आरक्षण उठवून निवासी करणं किंवा शेती विभागातली जमीन निवासी विभागात घेणं, तर ते कलम ३७. इथे हरकतीला एक महिना मिळतो. अशा नोटिसा वर्षभर येत राहतात, आणि बारीक अक्षरात येतात.

जुना रस्ता रुंद करण्यासाठी त्याची रेषा हलवायची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २१० लागतं. यात निर्णय स्थायी समितीचा असतो. पण विषय समितीसमोर यायच्या किमान महिनाभर आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या रस्त्यावर आयुक्तांच्या सहीची नोटीस लावावी लागते. रस्त्यावर नोटीस लागलीच नसेल तर तिथल्या तिथे तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. पुढे हाच मुद्दा सर्वांत जास्त कामाला येतो.

एकाच प्लॉटवरच्या इमारतीची परवानगी ही वेगळी गोष्ट. तिथे शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची पद्धत नाही. नकाशा नियमात बसतो की नाही, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे ‘आम्हाला ही इमारत नको’ असं लिहिण्यात अर्थ नाही. ‘या नकाशात अमुक नियम मोडलाय’ असं लिहिलं तरच कागद पुढे सरकतो.

रस्त्यावरच्या पार्किंगचे तर दोन मालक आहेत. नो-पार्किंग, एकेरी वाहतूक, सम-विषम तारखेचं पी-१ पी-२ हे आदेश वाहतूक पोलिसांचे. वाहनतळ बांधणं, त्याचा ठेका, पे-अँड-पार्कचे दर हे महापालिकेचं काम. अर्ज एकाकडेच दिलात तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार, हे धरून चाला आणि पहिल्या दिवशीच दोघांना प्रत द्या.

नकाशा आणि कागद हातात घ्या

वर्तमानपत्रातल्या बातमीवरून हरकत लिहू नका. बातमीत ‘अमुक चौकाजवळची जागा’ असतं, नकाशात सर्व्हे नंबर असतो. आधी तुमच्या जागेचा सर्व्हे किंवा गट नंबर काढा. गावठाणात आणि जुन्या पेठांत सिटी सर्व्हे नंबर लागतो, म्हणजे मिळकत पत्रिका पाहावी लागते, बाकी ठिकाणी सातबारा. दोन्ही ऑनलाइन दिसतात. मग महापालिकेच्या संकेतस्थळावरून आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना किंवा बांधकाम विभागात फी भरून मिळतो. मुंबईत यालाच डीपी रिमार्क म्हणतात. तो घ्याच. संकेतस्थळावरच्या नकाशावर वाद घालता येतो, सही-शिक्क्याच्या दाखल्यावर नाही.

नकाशा वाचताना आधी सूची पाहा. सहसा पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती किंवा मोकळ्या जागांचा. पण रंगाच्या छटा शहरागणिक बदलतात, म्हणून अंदाजाने जाऊ नका. आरक्षणाला क्रमांक आणि कारण असतं: खेळाचं मैदान, प्राथमिक शाळा, दवाखाना, वाहनतळ. त्या क्रमांकाचं क्षेत्रफळ अहवालातल्या तक्त्यातून उतरवून घ्या. आरक्षण पूर्ण उठवायच्या ऐवजी त्याचा आकार हळूच कमी केला जातो, आणि असा बदल नकाशाच्या रंगात डोळ्यांना दिसत नाही, तक्त्यातल्या चौरस मीटरमध्ये दिसतो. प्रारूप, नियोजन समितीनंतरचा नकाशा आणि सरकारने मंजूर केलेला नकाशा असे तीन टप्प्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की सगळं उघड होतं.

मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं आणि आणखी काही अपवाद सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबईला स्वतःची डीसीपीआर २०३४ आहे. ही पुस्तकं जाडजूड आहेत, घाबरू नका. तुम्हाला लागणारी पानं मोजकी: रस्त्याच्या रुंदीनुसार किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), कोणत्या विभागात कोणते वापर चालतात, आणि पार्किंगचा तक्ता.

रस्त्याची रुंदी हा शब्द मात्र डोक्यात पक्का ठेवा. सगळी गोम तिथेच आहे. २०२० साली पुण्याच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते कलम २१० खाली नऊ मीटर करायचा प्रस्ताव मान्य केला आणि शहरभर वाद उठला. वरवर पाहता हे गल्ल्या मोठ्या करणं. आतली गोष्ट अशी की नऊ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर तेव्हा टीडीआर (जमीन दिल्याच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्या प्लॉटवर वापरता येणारा बांधकामाचा हक्क) वापरता येत नव्हता, रेषा हलली की वापरता येणार होता. म्हणजे तो प्रस्ताव जितका रस्त्यांचा, तितकाच इमारतींच्या उंचीचा होता. तुमच्या गल्लीत असा विषय आला तर ‘रुंदीकरण हवं की नको’ एवढ्यावर थांबू नका. रुंदी वाढल्यावर किती जादा बांधकाम होईल, प्रत्यक्षात रस्ता कधी रुंद होईल आणि मधल्या काळात जुन्याच रस्त्यावर नव्या इमारतींच्या गाड्या कुठे जातील, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

फाईल पाहायची असेल तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस, न मिळाल्यास प्रथम अपील. एक सूचना कळकळीने करतो. ‘सर्व माहिती द्यावी’ असं कधीच मागू नका. प्रस्तावाचं विषयपत्र, नगररचनाकाराचा अभिप्राय, टिपणीची पानं आणि स्थळपाहणी अहवाल असं नाव घेऊन मागा, आणि अर्जातच फाईल समक्ष पाहण्याची मागणीही करा. पण तीस दिवसांची माहिती आणि एक महिन्याची हरकत यांचं गणित जुळत नाही. म्हणून माहितीच्या उत्तराची वाट पाहत हरकत थांबवू नका. आधी हरकत द्या, कागद आल्यावर सुनावणीत पूरक म्हणणं मांडा.

हरकत लिहायची कशी

पाचशे लोकांच्या सह्यांचं एकच निवेदन आणि प्रत्येकाने दिलेल्या वेगळ्या हरकती, यात दुसरा मार्ग धरा. निवेदनाची नोंद एक हरकत म्हणून होते आणि सुनावणीला एकालाच बोलावणं येण्याची शक्यता असते. पण छापील मजकुराच्या शंभर झेरॉक्सही नकोत. अधिकारी त्या एका गठ्ठ्यात बांधून एकच उत्तर लिहितो. प्रत्येकाने आपल्या घरापासूनची, आपल्या अनुभवाची दोन वाक्यं घालावीत. शाळेत मुलं पायी नेणारी आई, त्या मैदानावर खेळणारा मुलगा, कोपऱ्यावरचा दुकानदार यांची कारणं वेगळी असतात आणि ती वेगळी दिसायला हवीत.

मजकूर साधारण असा असावा:

*प्रति, मा. आयुक्त, … महानगरपालिका.*
*विषय: आरक्षण क्र. … (खेळाचे मैदान), स. नं. … भाग, मौजे …, या आरक्षणाचे क्षेत्र कमी करण्याच्या प्रस्तावास हरकत.*
*संदर्भ: दि. … ची जाहीर नोटीस, एमआरटीपी अधिनियम कलम ३७(१).*
*१) मी या जागेपासून … मीटरवर राहतो/राहते. मिळकत कराची पावती सोबत जोडली आहे.*
*२) मंजूर आराखड्यात या आरक्षणाचे क्षेत्र … चौ.मी. आहे. प्रस्तावात ते … चौ.मी. दाखवले आहे. कमी होणाऱ्या क्षेत्राला पर्यायी जागा प्रस्तावात दाखवलेली नाही.*
*३) पायी दहा मिनिटांच्या अंतरात दुसरे मैदान नाही. भाग नकाशावर खूण करून सोबत जोडले आहे.*
*४) या बदलामुळे आराखड्याचे मूळ स्वरूप बदलते, त्यामुळे तो कलम ३७ खाली करता येणार नाही.*
*५) मागणी: आरक्षण आहे त्या क्षेत्रासह कायम ठेवावे. मला समक्ष सुनावणी द्यावी.*

चौथा मुद्दा मनाचा नाही. कलम ३७ खालचा बदल आराखड्याचं स्वरूप न बदलणारा असला पाहिजे, ही त्या कलमातलीच अट आहे. प्रस्ताव मोठा असेल तर हे वाक्य घालाच. लहान असेल तर उगाच घालू नका. न टिकणारा एक मुद्दा घातला की बाकीचे चारही हलके होतात.

शेवटची मागणी नेमकी हवी. ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ या वाक्याला उत्तर म्हणून ‘योग्य निर्णय घेण्यात आला’ असंच येतं.

हरकत आवक-जावक कक्षात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ई-मेलही करा, पण त्यावर विसंबू नका. मुदत किती आहे ते नोटिशीत लिहिलेलं असतं. नोटीस ज्या दिवशी वाचली तो दिवस धरू नका, प्रसिद्धीची तारीख धरा, आणि राजपत्रातली तारीख वेगळी असेल तर जी आधी संपते ती.

पार्किंगचं गणित स्वतः मांडा

सभागृहात पार्किंगवर सगळे बोलतात आणि कुणाकडे आकडे नसतात. वस्तीने चार दिवस काढून आकडे गोळा केले तर तिचं म्हणणं बाजूला सारणं कठीण जातं.

आधी रस्ता टेपने मोजा. नकाशात नऊ मीटर लिहिलेला रस्ता भिंत ते भिंत नऊ मीटर असतो, चालता रस्ता नव्हे. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा पदपथ काढला की सहा मीटर उरतात. एका बाजूला मोटारी लावल्या की अडीच गेले, साडेतीन उरले, म्हणजे एका वेळी एकच गाडी जाणार. दोन्ही बाजूंना लावल्या तर मधे एक मीटर. अग्निशमनाचा बंब, रुग्णवाहिका, शाळेची बस यांचं काय ते लगेच कळतं. आणि लांबी: शंभर मीटरच्या गल्लीत चार फाटकांसाठी सहा-सहा मीटर सोडले तर ७६ मीटर उरतात. एका मोटारीला साडेपाच मीटर धरले तर एका बाजूला तेराच मोटारी बसतात. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत चाळीस घरं होणार असतील आणि त्यातल्या निम्म्यांच्याच गाड्या आत मावणार असतील, तर उरलेल्या कुठे जाणार, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

मग गाड्या मोजा. सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला. रात्री अकराच्या गाड्या रहिवाशांच्या, दुपारच्या दुकानं, क्लास आणि दवाखान्यांच्या. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. रात्रीची गर्दी असेल तर इमारतींच्या आतलं पार्किंग कुठे गेलं ते शोधा. दुपारची असेल तर रस्त्यावर वेळेची मर्यादा आणि शुल्क हाच उपाय. हा भेद न करता ‘वाहनतळ बांधा’ अशी मागणी केली की कोट्यवधी खर्चून वाहनतळ उभा राहतो आणि रिकामा राहतो. मुंबईत जादा एफएसआयच्या बदल्यात बिल्डरांकडून सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले गेले. त्यातले बरेच ओस, आणि बाहेर रस्ता भरलेला. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला या वाहनतळांच्या परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्याला पाच हजारांपासून पुढे दंड लावावा लागला. रस्ता फुकट असताना पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर कोण गाडी चढवणार?

इमारतीच्या आतलं पार्किंग तपासणं सोपं आहे, पण कुणी करत नाही. मंजूर नकाशाच्या पानावर पार्किंगचा तक्ता असतो: किती मोटारी, किती दुचाकी, नियमाने किती हव्यात, दिल्या किती. नियमावलीत मोटारीची जागा अडीच बाय पाच मीटरची आहे. नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात घ्या आणि तळमजल्यावर जाऊन पाहा. पिलरच्या मधे आखलेली, आडव्या उभ्या गाडीमुळे बाहेर न निघणारी, जनित्राच्या किंवा पंपाच्या खोलीने खाल्लेली जागा कागदावर मात्र जागाच असते. यांत्रिक पार्किंग दाखवलं असेल तर त्याची देखभाल कोण करतंय, हेही विचारा. पार्किंगच्या जागी गोदाम, क्लास किंवा दुकान चालू असेल तर तो मंजूर वापरातला बदल आहे आणि एमआरटीपीच्या कलम ५२-५३ खाली कारवाईचा विषय. तक्रारीत मंजूर नकाशाचा क्रमांक आणि आजचे फोटो जोडा.

घर घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधल्या उघड्या तळमजल्यावरचं पार्किंग, ही सोसायटीची सामाईक जागा, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. आणि २०२४ पासून महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आच्छादित पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची करारातच लिहायला लावली आहे. करारावर सही करण्याआधी ते जोडपत्र वाचा.

आता माझं मत सांगतो, कारण या विषयात मत न सांगता मार्गदर्शन करणं प्रामाणिकपणाचं नाही. मुख्य रस्त्यांवर पैसे घेऊनच पार्किंग असावं. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही जमिनीची किंमत पार्किंग शुल्कात दिसावी असंच म्हटलं आहे. पुण्याच्या मुख्य सभेने (सगळ्या नगरसेवकांची सभा) मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मान्य केलं, तेव्हा विरोध एवढा झाला की ते आधी पाच रस्त्यांपुरतंच आणायचं ठरलं, आणि नंतर तेही रखडलं. विरोधातली भीती खोटी नव्हती. ठेकेदार मनमानी करेल, दुचाकीवर पोट असणारा भरडला जाईल, पैसा कुठे जातो ते कळणार नाही, ही भीती आजही रास्त आहे. म्हणून पाठिंबा द्यायचा तो अटींसह: जमा रक्कम त्याच भागाच्या पदपथावर आणि बससेवेवर खर्च व्हावी, हिशेब दर महिन्याला संकेतस्थळावर यावा, दुचाकीचा दर कमी असावा, ठेक्याच्या अटी जाहीर असाव्यात. नुसत्या ‘नको’पेक्षा या चार ओळी सभागृहात उपसूचना (मूळ प्रस्तावात सुचवलेली दुरुस्ती) म्हणून येणं जास्त मोलाचं.

मेट्रोजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. पुण्यात मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात रस्ता आणि प्लॉट मोठा असेल तर चारपर्यंत एफएसआय मिळतो. कल्पना चांगली आहे. लोक स्थानकाजवळ राहतील आणि गाडी कमी वापरतील. पण ती फळते ती स्थानकापर्यंत चालत जाता आलं तरच. अशा पट्ट्यात हरकत घ्यायची ती उंचीवर नाही, सलग पदपथाच्या मागणीसाठी.

सुनावणीच्या दिवशी

आराखड्यावरच्या हरकती नियोजन समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. कलम ३७ च्या सुनावण्या सहसा अधिकारी घेतो. दोन्हीकडे तुमच्या वाट्याला पाच मिनिटं आली तर खूप. भाग नकाशाची मोठी रंगीत प्रत न्या, जागेवर लाल पेनने गोल काढा आणि पहिल्याच वाक्यात मागणी सांगा. इतिहास नंतर. वस्तीतले दहाजण असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकाने क्षेत्रफळ, एकीने शाळेची वाट, एकाने पार्किंगची मोजणी. ज्येष्ठ नागरिक आणि मुलांना घेऊन येणाऱ्या बायका बोलल्या की समिती नीट ऐकते, हे खरंच आहे. निघताना लेखी म्हणणं देऊन पोच घ्या.

हरकतींना फळ येत नाही असं म्हणणाऱ्यांना मुंबईचं उदाहरण सांगा. तिथल्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यात एवढ्या चुका निघाल्या, नागरिकांनी त्या नकाशासह इतक्या चिकाटीने दाखवल्या, की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये.

सभागृह आणि नगरसेवक

सुनावणीनंतर प्रस्ताव समितीतून मुख्य सभेकडे जातो. पुण्यात मधे शहर सुधारणा समिती असते, मुंबईत सुधार समिती. मुख्य सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते. कार्यपत्रिका नगरसचिवांच्या कार्यालयात मिळते. महिन्याला एक माणूस वस्तीने या कामाला नेमावा, जो फक्त कार्यपत्रिका चाळेल. एवढं केलं तरी पुष्कळ.

नगरसेवकाला भेटायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, उपसूचनेचा तयार मजकूर घेऊन जा. आपल्या वॉर्डाबाहेरच्याही दोन-तीन नगरसेवकांना भेटा, वेगवेगळ्या पक्षांच्या. मुख्य सभेत ऐनवेळी येणाऱ्या उपसूचनांवर नजर ठेवा. पुष्कळ बदल मूळ प्रस्तावात नसतात, शेवटच्या दहा मिनिटांत उपसूचनेतून शिरतात आणि आवाजी मतदानाने मंजूर होतात. म्हणून त्या दिवशी प्रेक्षक कक्षात कुणीतरी बसलेलं असावं, आणि नंतर ठरावाची प्रमाणित प्रत उपसूचनांसह मागून घ्यावी.

२०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात मुख्य सभा आणि स्थायी समिती दोघींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते आणि ठराव चर्चेविना झाले. त्या वर्षांतले तुमच्या वॉर्डाचे नगररचनाविषयक ठराव माहितीच्या अधिकारात मागवून घ्या. हे काम आजही बहुतेक वस्त्यांनी केलेलं नाही.

सभागृहानंतर मंत्रालय

ठराव झाला म्हणजे संपलं असं समजू नका. आराखड्याला अंतिम मंजुरी कलम ३१ खाली राज्य सरकार देतं, कलम ३७ च्या बदलालाही. सरकार फेरफार करतं, आणि मोठे फेरफार वेगळे काढून त्यांवर पुन्हा हरकती मागवतं. त्याला वगळलेला भाग म्हणतात, बोलीत ‘ईपी’. ही दुसरी संधी लोक हमखास चुकवतात. पुण्याचा आराखडा तर २०१५ मध्ये सरकारने महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला होता. म्हणून हरकतीची एक प्रत नगरविकास विभागाला आणि एक नगररचना संचालकांना पहिल्यापासून पाठवत जा. सभागृहाचा ठराव बेकायदा वाटत असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्याची मागणीही सरकारकडेच करायची.

कोर्ट हा शेवटचा उपाय, पण तो आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली तेव्हा वस्तीतलेच रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. रहिवाशांना असा दावा करण्याचा हक्क आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. वकील पहिल्या भेटीत विचारतो ते एकच: मुदतीत हरकत दिली होती का, पोच कुठे आहे?

मंजुरीनंतरचं काम: कलम १२७

आरक्षण वाचवलं म्हणून आनंद करणाऱ्या वस्त्यांनी हे कलम भिंतीवर लिहून ठेवावं. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली गेली नसेल, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. सभा नाही, चर्चा नाही, हरकत नाही. महापालिकेचा भूसंपादन विभाग नोटीस फायलीत लावतो, दोन वर्षं सरतात आणि मैदान गेलेलं असतं.

पुण्याच्या जुन्या हद्दीतल्या २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. मुंबईचा आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, म्हणजे तिथे २०२८. वॉर्डातल्या ताब्यात न आलेल्या आरक्षणांची यादी आत्ताच करा. प्रत्येक आरक्षणापुढे क्रमांक, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ताबा आहे की नाही हे लिहा. मग दर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न पाठवा: या आरक्षणांबाबत कलम १२७ खाली किती नोटिसा आल्या, कोणत्या तारखांना, आणि त्यावर काय कार्यवाही झाली. नोटीस आल्याचं कळलं की नगरसेवकाकडे मागणी न्यायची ती अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद करण्याची, किंवा मालकाला टीडीआर देऊन जागा घेण्याची. समावेशक आरक्षणाचा मार्गही आहे, ज्यात मालक काही भाग विकसित करून महापालिकेला देतो आणि उरलेला स्वतः वापरतो. मैदानाच्या बाबतीत तो शक्यतो टाळा, शाळा-दवाखान्याच्या बाबतीत विचार करायला हरकत नाही. या २४ महिन्यांतले पहिले सहा महिने महत्त्वाचे, कारण अंदाजपत्रक वर्षातून एकदाच येतं. आयुक्त ते साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीला देतात. तुमचं पत्र त्याआधी, दिवाळीच्या सुमाराला, त्यांच्या टेबलावर पोचलेलं असलं पाहिजे.